डावी बाजू

स्वयंपाकघरात ताटली घसरली आणि मी दाराकडे पाहिलं.

दार माझ्या उजव्या हाताला आहे, स्वयंपाकघर डाव्या. घासून उपड्या घातलेल्या भांड्यांवर ताटली नीट बसलेली नसणार. ती आपली आपण सरकली, ओट्यावर पडली, कडेवर उभी राहून फिरली आणि फिरता फिरता आडवी झाली. हे सगळं मी ऐकलं, शेवटच्या थरथरीपर्यंत. पण ऐकलं ते दारातून. बाहेरच्या पायरीवर कुणीतरी ताटली फिरवून निघून गेलं असावं, तसं. दाराला आतून कडी होती. कडीखाली स्पृहाच्या चपला, एक सरळ, एक उलटी. मी त्या चपलांकडे पाहत राहिले. मग मान डावीकडे वळवली. ताटली ओट्यावर होती. पलंगावर स्पृहा झोपलेली, तोंड अर्धं उघडं, पांघरूण लाथाडलेलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. हे मनात आलं मात्र, मी ते घाईघाईने दुरुस्त केलं. ती झोपली आहे. झोपलेल्या लेकराला ऐकू येत नाही. तेवढंच.

टेबलावर नागपूरहून आलेले दोन हेडफोन होते. नरहरकाकांनी एकाच खोक्यात भरून एस.टी.ने पाठवलेले. त्यांच्या दुकानातून मी माइक घेतला तेव्हापासून ते मला घरच्या पोरीसारखं वागवतात, म्हणजे रागावतात आणि भरवशावर मालही पाठवतात. एक ठेवायचा, एक सोमवारच्या गाडीने परत करायचा, असं ठरलं होतं. एक बंद होता, एक जाळीचा. बंद हेडफोनच्या वाट्या कानांवर झाकणासारख्या बसतात, घातला की विहिरीत उतरल्यासारखं होतं, वरचं जग वर राहतं. जाळीच्या हेडफोनला बाहेरून नुसती जाळी, आतला आवाज बाहेर झिरपतो, बाहेरचा आत. फोनवर मी काकांना विचारलं होतं, कोणता ठेवू? "गाणाऱ्याच्या डोक्यावर बंद घाल," ते म्हणाले, "नाहीतर कानातला ठेका माइकमध्ये शिरतो आणि मग बसतेस रडत. पण मिक्स करताना जाळीचा. बंदमध्ये सगळं गोड लागतं. खोटं गोड." मी म्हटलं, "आणि ज्या बाईला एकाच खोलीत दोन्ही करायचं असतं, तिनं?" "त्या बाईनं दोन घ्यावेत. नाहीतर आपले कान ओळखून एक घ्यावा. तुझे कान चांगले आहेत, मिताली. गिऱ्हाइकाला मी असं सांगत नसतो." तेव्हा मी किती सुखावले होते. आता तेच वाक्य मी आतल्या आत उलटसुलट करून पाहत होते, बाजारात वांगं दाबून पाहतात तसं.

खरं तर नव्या हेडफोनची गोष्ट पूनमसिंगनं काढली. म्हणजे त्यानं हेडफोनचं नाव घेतलं नाही. तो फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, स्वतः गाणी जुळवतो, स्वतः डफडं वाजवतो. यंदा बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली, तिच्यामागे फवारण्या वाढल्या, आणि फवारता फवारता माणसं चक्कर येऊन बांधावर पडायला लागली. पूनमसिंगच्या ओळखीतली दोघं यवतमाळच्या दवाखान्यात होती. त्यानं गाणं रचलं, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, तोंडाला फडकं बांधा, घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय लेकराला कडेवर घेऊ नका. मी आमच्या निजायच्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगून ते रेकॉर्ड केलं. आजवर माझं सगळं काम भोंग्यांसाठी. दारव्ह्याच्या आठवडी बाजाराची ऑटोवरची दवंडी, भजनी मंडळं, दुकानांची उद्घाटनं. भोंग्याला एकच तोंड असतं, त्याला डावं-उजवं कळत नाही. पण हे गाणं लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवायला लागले, कानांत दोन बोंडं घालून ऐकायला लागले, जीपमध्ये वाजवायला लागले. आणि एक दिवस पूनमसिंग दारात येऊन उभा राहिला, हसत, टोपी काढून हातात धरलेली.

"ताई, गाणं बढिया झालं. पण एक सांगू का? राग तं नाही येनार?"

"सांगा ना."

"जीपमधी लावलं व्हतं. मी डायवरच्या बाजूले बसलो. डायवर म्हणे, वा पूनमसिंग, काय गळा हाय तुहा! अन् मले माहा गळाच ऐकू येऊन नाही राह्यला. माह्या बाजूच्या स्पीकरातून निस्तं डफडं, धाडधाड. भाडं देल्लं म्या अन् गाणं ऐकलं त्यानं!"

मीही हसले. म्हटलं, हेडफोनची वायर गेली असेल, जुना आहे, बघा ना, इथे चिकटपट्टी लावली आहे. त्यानं वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम मवाळ होऊन म्हणाला, "असीन ताई. वायरच गेली असीन." तो गेल्यावर मी गाणं उघडलं. पडद्यावर हिरव्या दोन पट्ट्या उड्या मारत होत्या, आणि डावी केवढी उंच! डोळ्यांना जे वेडंवाकडं दिसत होतं ते मी कानांनी सरळ करून ठेवलं होतं. डफडं डावीकडे बसवलं होतं, थोडं पुरत नाही म्हणून थोडं चढवलं, परत थोडं, ते माझ्यापर्यंत येईतो.

मग हे दोन हेडफोन आले. आज दुपारी स्पृहा झोपल्यावर, ताटली पडायच्या आधी, मी दोन्ही घालून पाहिले होते. गाणाऱ्याचा गळा मधोमध असतो, नाकाच्या शेंड्यावर तोलल्यासारखा. दोन्ही बाजूंना सारखा पाठवला की तो डोक्याच्या मधोमधच ऐकू यायला हवा, त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. बंद हेडफोनमध्ये पूनमसिंग माझ्या उजव्या भुवईवर उभा राहून गायला. जाळीच्या हेडफोनमध्येही उजव्या भुवईवर. जुना काढून घातला, तो तर उजव्या कानशिलापाशीच. मी म्हटलं, लॅपटॉपचं भोक बिघडलं. मोबाइलला लावून पाहिला. म्हटलं, काकांकडचा मालच खराब आला असेल. तीन वेगळे हेडफोन, आणि तिन्ही एकाच बाजूला लंगडे? मला हे पटवून घ्यायचं होतं आणि मी बऱ्यापैकी पटवून घेतलंही होतं. मग ताटली पडली. ताटलीला वायर नसते.

आता एकच करायचं राहिलं होतं. हेडफोन उलटा घालायचा. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. गळा डाव्या भुवईवर गेला तर दोष यंत्राचा. गळा जागचा हलला नाही, तर. मी हेडफोन हातात घेतला आणि तसाच धरून बसले. कानाला लागणारं कातडं मऊ होतं, नवं, बाळाच्या टाळूसारखं. बाहेर कापसाची गाडी गेली असावी, काचा थरथरल्या. ही थरथरही मला दाराच्याच बाजूने आली, आणि खिडकी तर डावीकडे आहे, हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

फोन मी उजव्या कानाला लावते. कधीपासून? पूर्वी डाव्याला लावायची, पक्कं आठवतं. उजव्या हातात उलथणं, डाव्या कानात खांद्यानं दाबलेला फोन, तव्यावर पोळी, आणि मंदार विचारायचा, अगं मान अवघडत कशी नाही तुझी? मग स्पृहा झाली. तिला डाव्या खांद्यावर घेऊन मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची, ती कानाशी टाहो फोडायची, तेव्हा वाटायचं, बधिरच होणार हा कान, होऊ दे. लाडानं म्हणायची मी. सासूबाई म्हणायच्या, "असं बोलू नये गं, वास्तुदेवता तथास्तु म्हणते." तेव्हाच कधीतरी फोन या कानावरून त्या कानावर गेला असेल. कुणी पाहिलं नाही. मीही नाही. जेवताना मंदार माझ्या डावीकडे बसतो. दोनदा विचारतो, तीनदा विचारतो, मग वरणाचा डाव हलवत म्हणतो, "राणीसरकार कुठल्या गाण्यात आहेत सध्या?" मी ओशाळून हसते. घरात ठरूनच गेलं आहे की माझं लक्ष नसतं. आणि मलाही ते बरं वाटत होतं, लक्ष नसणं. लक्ष परत आणता येतं.

मंदार कृषी सहायक आहे. सध्या तो पंचनाम्यांवर असतो, या शिवारातून त्या शिवारात, आणि घरी येतो तो खिशात बोंडं घेऊन. परवा त्यानं एक हिरवंगार बोंड माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ. काही दिसतं?" काहीच दिसत नव्हतं. टणक, चकचकीत, पूर्ण वाढलेलं. त्यानं नखानं फोडलं. आत कापूस कुजून पिवळा पडलेला आणि त्यात ती, गुलाबी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. "आत शिरते तेव्हा इतकी बारीक असते की मागे भोक बुजून जातं. बोंड वाढत राहतं. शेतकऱ्याला वाटतं, वा, काय माल आहे." स्पृहा नाक टेबलाला लावून पाहत होती. म्हणाली, "बाबा, तिला आतमध्ये अंधार नाही वाटत?" मंदार हसला. मला ते बोंड हातातून टाकायचं होतं आणि टाकता येईना.

माझी आई, पद्मजा, उमरखेडला असते. तिच्या टीव्हीचा आवाज चौकातून ऐकू येतो. फोनवर ती ओरडून बोलते आणि समोरच्याला म्हणते, ओरडू नकोस. तिचा एक कान माझ्या वेळच्या बाळंतपणात गेला आणि दुसरा माझ्या भावाच्या, साकेतच्या. ती हे फार हलकेपणानं सांगते, पाहुण्यांसमोर, चहा गाळता गाळता. "कुणाचे केस गळतात, कुणाचे दात हलतात. माझे कान गेले. दोन लेकरं, दोन कान. हिशोब चोख." आत्या तिच्या पाठीमागे म्हणायची, पद्मजाला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं, आणि पाठीमागे म्हणजे अगदी तिच्या पाठीला लागून, तिच्या देखत नाही पण तिच्या कानाशी. आम्ही पोरं खिदळायचो. आई वळून आमच्याकडे पाहायची आणि काय झालं ते न कळताच आमच्याबरोबर हसायची. आज मला तिचं ते हसणं दिसतं. ओठ आधी, डोळे नंतर. आम्ही हसतोय ना, मग काहीतरी हसण्यासारखंच असेल, असा आमच्यावर टाकलेला तिचा भरवसा. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी तिला तपासून मला सांगितलं होतं, कानात आत एक इवलंसं हाड असतं, ते हलायचं थांबतं. रक्तातून येतं. बायकांत जास्त. बाळंतपणानं वाढू शकतं, प्रत्येकीचं वाढतंच असं नाही. मी मान डोलावत होते. आईबद्दल ऐकत होते मी. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते, हे आता आठवतं.

या महिन्यात माझी पाळी आलेली नाही. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. मंदारला सांगितलं तर तो आधी स्पृहाला उचलून गरगर फिरवेल, मग पेढे आणायला निघेल, आणि मी त्याच्या आनंदासमोर उभी राहून हा कान कसा पुढे करू? मी त्या येणाऱ्या जिवाला भिते आहे का? पोटावर हात ठेवून पाहिला. तिथे काहीच नव्हतं, अजून काहीच ऐकू येण्यासारखं नाही. ये, मी मनात म्हटलं. मग म्हटलं, थांब. मग दोन्ही शब्दांची लाज वाटली.

स्वतःला धीर द्यायला मी तोंड मिटून गुणगुणले. नुसता सूर, खालचा. आणि काय नवल, तो सूर डाव्या कानातच भरला! डावीकडे जास्त, गोल, घुमणारा, रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा. मी परत गुणगुणले. परत डावीकडे. अगं, मग कान गेला कुठे? गेलेला कान असा वाजेल का? छातीतलं सगळं एकदम सैल झालं. मी उगाचच उठून ताटली जागेवर ठेवली, स्पृहाचं पांघरूण सारखं केलं, गुणगुणतच. आणि पांघरुणाचं टोक हातात असताना आईचा आवाज आठवला, देवापुढे वाती वळताना ओवी म्हणणारी आई, आणि मी तिला विचारलेलं, आई, तुला तुझं गाणं तरी ऐकू येतं का गं? "तेच तर येतं," ती म्हणाली होती. "बाहेरचं बंद झालं तसं माझं मला डोक्यात जास्तच ऐकू येतं. आपल्यालाच आपण. कंटाळा येतो गं." मी गुणगुणायची थांबले. खोलीत स्पृहाच्या श्वासाचा आवाज होता. तोही मी उजव्या बाजूनं ऐकत होते.

मग मी बंद हेडफोन घेतला. विहिरीत उतरायचंच तर पूर्ण उतरावं. आधी सरळ घातला. पूनमसिंग उजव्या भुवईवर. डोळे मिटले. काढला, फिरवला, डावी वाटी उजव्या कानावर आणली. केस अडकले, ओढले गेले. गाणं परत पहिल्यापासून लावलं. डफडं लगेच उडी मारून उजवीकडे आलं, मी डावीकडे ठासून ठासून भरलेलं, आणि ते इतकं मोठं होतं की मी दचकले. हा आवाज मी लोकांच्या कानांत घातला होता. आणि गळा? गळा हलला नाही. तो तिथेच होता, उजव्या भुवईवर, वारा कुठून येतो ते बघून फवारा, म्हणत होता, आणि डावीकडे भिंतीपलीकडून यावं तसं काहीतरी. मी आवाज वाढवला. अजून वाढवला. भिंत तिथेच. मी परत सरळ घातला, परत उलटा. वाटलं, एकदा तरी चुकेल. एकदा तरी तो बिचारा रस्ता चुकून डावीकडे येईल.

कुणीतरी माझी बाही ओढली.

मी किंचाळलेच असेन, कारण स्पृहा मागे सरली. ती माझ्या डावीकडे उभी होती, गाल झोपेनं लाल, डोळे भरलेले. मी हेडफोन ओरबाडून काढला.

"आई, मी कधीची हाका मारून राहिली!"

"कधीची गं, राणी?"

"खूप. मी पलंगावरून मारल्या. मग इथून मारल्या. मग मी तुझ्या कानातच मारली."

"हेडफोन होता ना गं माझ्या कानावर. हा बंद असतो. याच्यातून कुणाचंच ऐकू येत नाही." माझा आवाज मला चांगला वाटला, नेहमीसारखा. "हा वाईट आहे. हा आपण सोमवारी परत करायचा. नागपूरच्या आजोबांना."

"वाईट हाय तो," तिनं कामवाल्या मावशींच्या ठसक्यात म्हटलं आणि हेडफोनला एक चापट मारली. मी तो खोक्यात घातला, झाकण लावलं. निवड झाली. जाळीचा ठेवायचा, ज्यातून घरातलं ऐकू येतं, जेवढं येतं तेवढं. पूनमसिंगच्या डोक्यावर जुनाच घालू, ठेका शिरला माइकमध्ये तर शिरू दे. मला वाटलं होतं, निवड झाली की बरं वाटेल.

मी तिला मांडीवर घेतलं. तिच्या केसांना झोपेचा वास येत होता. आणि तेव्हा ती दुसरी भीती, जी दुपारपासून माझ्या कडेकडेनं चालत होती, समोर येऊन उभी राहिली. मला विचारायचं नव्हतं. पण हात आपोआप चालले. जाळीचा हेडफोन लहान केला, तिच्या इवल्या डोक्यावर बसवला, तरी तो घसरून गालांपर्यंत आला, दोन्ही हातांनी धरून ठेवायला सांगितला. "आपण गंमत करू. ज्या बाजूनं डफडं वाजेल तिकडचा हात वर करायचा." मी आवाज अगदी हळू ठेवला, नखानं टिचकी मारावी इतका. उजवीकडे पाठवला. उजवा हात वर. "शाबास." डावीकडे पाठवला, आणखी हळू. ती स्तब्ध राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात कुणाकुणाचे पाय धरले ते मला सांगता येणार नाही. मग तिनं डावा हात वर केला, एकदम, आणि खदखदून हसली. "मी मुद्दाम थांबली! तुला वाटलं ना मले नाही आलं?"

मी तिला इतकं घट्ट धरलं की तिनं "आई, हाड मोडते" म्हटलं. ऐकू येत होतं तिला. दोन्हीकडून, तळापर्यंत, कोऱ्या हेडफोनसारखं स्वच्छ. मी तिचा एक कान चुंबला, मग दुसरा. आणि चुंबता चुंबताच लक्षात आलं की स्पृहाएवढी, चार वर्षांची असताना माझ्या आईलाही सगळं ऐकू येत असणार. मलाही येत होतं. या वयात काहीच दिसत नाही. बाहेरून तर नाहीच नाही.

"आता तुझी बारी," स्पृहा म्हणाली.

"नको गं. उद्या."

"नाही. आताच. पण हे नको." तिनं हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हे खोटं असते. मी बोलते."

ती खुर्चीवर चढली, गुडघे माझ्या मांडीवर रोवले, आणि माझे केस कानामागे सारले. डाव्या कानामागे. मी मान वळवायला गेले तर तिनं हनुवटी धरली. "हलू नको ना!" तिच्या तळहाताची ओंजळ माझ्या कानाभोवती आली, ऊबदार, थोडी चिकट. मला तिचा श्वास जाणवला. ओठ कानाच्या पाळीला लागले, सुटले, परत लागले. ती बरंच काही सांगत होती. मध्ये एकदा थांबली, आवंढा गिळला, तो मला तिच्या गळ्याच्या हालचालीवरून कळला, आणि मग आणखी काहीतरी, थोडकं. माझ्या डाव्या बाजूला ओल होती, ऊब होती, केसांची गुदगुली होती.

ती मागे झाली. मला वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं पाहत राहिली, एखादी गोष्ट फार दिवस मनात ठेवून शेवटी बोलून टाकल्यावर माणूस पाहतं तसं.

"एकदा जोरात सांग ना, पिल्लू. गंमत म्हणून."

"नाही. ते जोरात सांगायचं नसते." तिचा खालचा ओठ किंचित बाहेर आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी हसायला लागले होते, ओठ आधी, आणि मला ते कळलं आणि मी थांबले.

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सांग ना, आई. हो, का नाही?"